करंगळी

वजिराबादच्या त्या दुकानात
भिंतीला टांगलेल्या चौदा गिटारी.
कलीमभाई म्हणाले, "कौनसी उतारूं?"
मी म्हणालो, जिला वायर नाही ती.

एकवीस वर्षं वायरीला बांधलेला माणूस मी.
परभणी, जिंतूर, सेलू, मानवत.
एप्रिलभर ट्रॉलीवर उभा, मागे अठरा बॉक्स,
पुढे किसनदादा वाव्हळेंचा पहाडी आवाज
आणि मधल्या जागेत माझी लाल गिटार
अशी किंचाळायची की बँकेच्या काचासुद्धा
आमच्यासोबत जयभीम म्हणायच्या.
चुकलं तर पायाखालचं बटण दाबायचं.
घरघरीत सगळं माफ.

"इलेक्ट्रिकवाले दिखते," कलीमभाईंनी ओळखलं,
डाव्या हाताचे घट्टे बघून नव्हे,
उजव्या हाताची करंगळी बघून.
ती कोऱ्या लाकडावर
आवाजाचं बटण शोधत होती.

पहिली मोठ्या पोटाची.
मांडीवर घेतली तर पाहुण्यांच्या बाळासारखी,
काखेत रुतते आणि उतरत नाही.
दुसरीची मान रुंद,
एफ धरला तर मनगटानं रजा मागितली.
तिसरीच्या तारा इतक्या उंच
की खालून मुंगी साखर डोक्यावर घेऊन गेली असती.
सवयीनं तार ओढली.
लालवर एका ओढीत सूर दोन घरं चढतो,
इथं अर्धंही नाही. बोट मात्र चिरलं.

"बारा की तारां निकालके दस की डालतूं.
गर्दन पतली लेओ, कंधा कटा हुआ लेओ,
ऊपर तक हात जाता.
आवाज जरा कम होती, बोलके रखतूं."

आवाज कमीच पाहिजे, मी म्हणालो.
मग सांगावंच लागलं.

डिसेंबरात दादांच्या घशाचं ऑपरेशन झालं.
आता आवाज म्हणजे
तांब्यातून वाळू ओतल्यासारखा.
माईक दिसला की गप्प होतात.
पण दुपारी लाइट गेली, कूलर थांबला
की कॉटवर बसून गातात. गातात म्हणजे
एकेक शब्द हळूच खाली ठेवतात.
एकदा लाल घेऊन गेलो होतो, अँप अगदी एकवर.
दोन ओळींनंतर म्हणाले,
"भाऊ, मी मलाच ऐकू येईना की रे."

कलीमभाईंनी शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला.
मी एकेक गिटार वाजवली
आणि दादांसारखा, घशात वाळू धरून, गुणगुणलो.
बाहेर ऑटोवाले, आत घाम.
नऊ गिटारी माझ्या उरावर बसल्या.
दहावी कोपऱ्यातली, बारक्या अंगाची,
कुणीतरी परत आणून दिलेली, पाठीवर ओरखडा.
ती बोलली आणि थांबली.
पुढच्या शब्दाला सरकून जागा दिली.

"प्लाय की है," कलीमभाईंनी लपवलं नाही.
"अस्सल लकडी तुमारे परभनी के मई में तडक जाती.
इसको कुछ नक्को होता."
साडेसहा सांगितले, अठ्ठावन्नशेला दिली.
वर भोकं पाडलेली साबणाची डबी, आत ओला स्पंज,
"पेटी में रखो, लकडी को बी प्यास लगती."
प्लायलाही लागते का, हे विचारायचं राहिलं.

पूर्णेला गाडी दीड तास उभी.
समोरची म्हातारी पेटीकडं बघून म्हणाली,
"फवारणीचा पंप हाय का बाबा?"
मी हो म्हणालो. वाद कशाला.

काल दादांकडे गेलो.
पहिलं कडवं नीट.
दुसऱ्यात दादांचा सूर निसटला,
त्यांना धरायला गेलो आणि मीही घसरलो.
करंगळी बटण शोधायला गेली,
पायसुद्धा उचलला गेला. खाली नुसती फरशी.
चूक खोलीत तशीच उभी राहिली, दोघांची,
झाकायला काही नाही.

दादा पाणी प्याले. खाकरले.
"तिथूनच घे," म्हणाले.
"कुठून?"
"आपण पडलो तिथून."